डॉ. सालिम अली: पक्षी दाखवायला शिकवणारा माणूस

नोव्हेंबर लागला की महाराष्ट्रात पक्षी सप्ताह येतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 तारखेला डॉ. सालिम अलींचा, म्हणून हे आठ दिवस. शाळेच्या फलकावर पांढरी दाढी आणि गळ्यात दुर्बीण असलेल्या एका बुजुर्गांचा फोटो लागतो, खाली ‘भारताचे पक्षिपुरुष’ असं लिहिलेलं असतं आणि मुलं पुढच्या तासाला लागतात. नाव ऐकून आपल्याला बरं वाटतं, आपला माणूस म्हणून. पण त्यांनी नेमकं केलं काय, हे विचारलं तर घरातल्या मोठ्यांनाही दोन वाक्यांपुढे जाता येत नाही.

सुट्टीत जालन्याहून ताडोब्याला, मेळघाटला किंवा मुंबईत पाहुण्यांकडे गेल्यावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपण जातो. सोबत गाइड असतो. तो बोट दाखवतो, नाव सांगतो, गप्प बसा म्हणतो. सालिम अलींची पक्ष्यांच्या क्षेत्रातली पहिली पगारी नोकरी हीच होती, लोकांना फिरवून दाखवण्याची. त्यांची सगळी जिंदगी या एका कामाभोवती फिरते असं म्हटलं तरी चालेल.

जन्म मुंबईतला, 12 नोव्हेंबर 1896. खानदान सुलेमानी बोहरा. भावंडांत सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वालिद मोइजुद्दीन गेले, तीन वर्षांचे असताना वालिदा जीनतुन्निसा. यतीम झालेल्या या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी वाढवलं. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी, अब्बास तय्यबजी यांचंच हे घराणं. घरात शिक्षणाला मान होता आणि शिकारीलाही.

पोराच्या हातात छऱ्याची बंदूक होती. चिमण्या मारायच्या, हलाल करायच्या आणि बावर्चीखान्यात द्यायच्या, असा खेळ. एके दिवशी पडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग ही खायला चालेल की नाही? शंका साधी, मुसलमान घरातल्या कुठल्याही मुलाला येईल अशी. सालिमनं ती मामूंपुढे ठेवली. मामू स्वतः शिकारी, पण त्यांनाही पक्षी ओळखता येईना. मुलाला दटावून त्यांनी विषय संपवला असता तर तो तिथंच संपला असता. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी दिली आणि मुलाला पाठवलं.

साल 1908. इंग्रज साहेबाच्या कचेरीत बारा-एक वर्षांचा देशी मुलगा कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन उभा. मिलार्डनी पक्षी ओळखला: पीतकंठी चिमणी, आपल्याकडची रानचिमणी. पण तेवढ्यावर त्यांनी त्याची बोळवण केली नाही. कपाटाचे खण एकेक करून उघडले, भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले, पुस्तकं दिली, पुढे नमुने कसे जतन करायचे हेही शिकायची सोय केली. सालिम अलींना भेटलेला हा पहिला गाइड.

इथून पुढे सगळं सरळ झालं असं समजू नका. शाळेत पोरगा हुशार म्हणून कधी गाजला नाही, डोकेदुखीमुळे मध्ये शाळाही सुटली. 1913 मध्ये कसंबसं मॅट्रिक. सेंट झेवियर्स कॉलेज अर्ध्यावर सोडून ब्रह्मदेशात तवॉयला गेले, तिथं घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंदा जमला नाही, आजूबाजूचं जंगल मात्र पाहून झालं. 1917 मध्ये परत. मग वाणिज्याचा अभ्यास आणि फादर ब्लॅटर यांच्या आग्रहानं प्राणिशास्त्रही. डिसेंबर 1918 मध्ये तहमीना बेगमशी निकाह झाला. पदवी हातात नव्हतीच. सरकारच्या प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तीही पदवी नाही म्हणून हुकली.

1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग इतिहासाचं नवं दालन उघडलं. तिथं गाइड लेक्चररची जागा मिळाली, पगार महिना 350 रुपये. आलेल्या लोकांना काचेच्या कपाटांसमोरून न्यायचं आणि समजावून सांगायचं. त्या काळात हा पगार बरा होता. पण दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं की आपल्यालाच अजून पुरतं माहीत नाही, तर दुसऱ्याला काय दाखवणार? रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. त्यांना ते आयुष्यभर उस्ताद मानत आले. 1930 मध्ये परतले तर म्युझियममधली जागाच पैशांअभावी रद्द झालेली. बायको आहे, संसार आहे, नोकरी नाही.

दोघं अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. महिने-महिने बसून सालिम अली बघत राहिले. आपण त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो, बहिणाबाईंच्या कवितेमुळे खोपा बांधणारी माऊली डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात विणकाम नराचं. तो खोपा अर्धा विणतो, मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडला तर राहते, नाहीतर निघून जाते. पसंती मिळाली की नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा, दुसऱ्या मादीसाठी, विणायला घेतो. हे निरीक्षण 1931 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं आणि नाव झालं. बेकारीत झालेलं काम आहे हे.

यानंतरचा भाग आपल्या मुलखाचा. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. या एवढ्या मोठ्या संस्थानातल्या पक्ष्यांची नीट नोंद कोणीच केलेली नव्हती. सालिम अलींनी सोसायटीमार्फत प्रस्ताव मांडला की माझा पगार राहू द्या, फिरण्याचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थाननं द्यावा. निजाम सरकारनं तो मान्य केला. 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानाचं पक्षी सर्वेक्षण झालं आणि 1933-34 मध्ये त्याचे लेख छापून आले. बैलगाडी, तंबू, कंदील असा तो संसार. तहमीना बेगम बरोबर असायच्या. घरात उर्दू शायरीची आवड असलेली, विलायतेत शिकलेली ही बाई जंगलातला मुक्काम सांभाळायची. स्वयंपाकाचं सामान, हिशेब, नोकरमाणसं, सगळं तिच्याकडे. पुढे त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशी संस्थानांमागून संस्थानं याच पद्धतीनं झाली.

या फिरण्यात बंदूकही असायची, हे लपवायचं कारण नाही. नमुना हातात घेतल्याशिवाय जात पक्की ठरत नसे, आणि आज आपण मोबाइलवर फोटो मोठा करून जे बघतो ते तेव्हा मेलेला पक्षी हातात धरूनच बघावं लागे. शास्त्रासाठी मोजके पक्षी मारावे लागतात ही भूमिका त्यांनी सोडली नाही. मुलांना सांगताना हे गाळून सांगू नये, असं मला वाटतं.

1939 मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर तहमीना बेगमचा इंतकाल झाला. मूलबाळ नव्हतं. सालिम अली मनानं फार खचले. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी आणलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी तिथूनच काढलं. दोन वर्षांनी, 1941 मध्ये, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. रंगीत चित्रं, सोपं वर्णन, पक्षी कुठं दिसेल आणि कसा ओळखायचा एवढंच. पंडित नेहरूंनी तुरुंगात असताना ते मुलीला, इंदिरेला, पाठवलं होतं. ज्याला गाइड मिळत नाही त्याच्या खिशात मावणारा गाइड, असं हे पुस्तक. आजही ते नव्या आवृत्तीत मिळतं. अमेरिकेच्या डिलन रिप्लेंबरोबर लिहिलेले दहा खंड पुढे 1968 ते 1974 मध्ये आले, पण ते अभ्यासकांसाठी.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशांअभावी बंद पडायची वेळ आली तेव्हा सालिम अलींनी नेहरूंना लिहून मदत मिळवली आणि ती संस्था वाचवली. राष्ट्रीय पक्षी निवडायचा होता तेव्हा त्यांनी माळढोकचं नाव पुढे केलं होतं. मोर सगळ्यांना माहीत आहे, त्याला धोका नाही. माळढोक संपत चाललाय, त्याला मान मिळाला तर तो वाचेल, असा त्यांचा हिशेब. 1963 मध्ये मोर ठरला. मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या माळरानांवरचा माळढोक आज जवळजवळ दिसेनासा झालाय.

आता भरतपूर. राजस्थानातलं केवलादेव. पूर्वी राजे-महाराजे आणि व्हाइसरॉय तिथं बदकांची शिकार करायचे, एका दिवसात हजारोंनी. स्वातंत्र्यानंतर शिकारीची ही दलदल बुजवून शेती करा अशी मागणी होती. सालिम अलींनी ती पक्ष्यांसाठी राखायला लावली. 1960 च्या आसपास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सोसायटीनं तिथं पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं काम सुरू केलं, म्हणजे थंडीत येणारे हे पाहुणे कुठून येतात ते कळावं. पण कडी घालायला पक्षी जिवंत आणि सहीसलामत हाती यायला हवा. ते कोण करणार? बिहारमधले मीरशिकार. पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडून विकणारी मुसलमान जमात. सालिम अलींनी त्यांनाच कामाला घेतलं. त्यांच्यातले अली हुसेन तर इतके नावाजले की परदेशांतूनही त्यांना पक्षी पकडायला बोलावणं आलं. बाजारात जाणारा पक्षी त्याच हातांनी कडी घालून परत आकाशात जाऊ लागला. शाळा न शिकलेल्या माणसाकडे जंगलाचं केवढं इल्म असतं, हे सालिम अलींनी ओळखलं, हे मला त्यांच्या सगळ्या इनामांपेक्षा मोठं वाटतं.

आणि तरीही याच भरतपूरला एक जखम आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि आजूबाजूच्या गावांच्या म्हशींना आत चरायला बंदी आली. चराईनं पक्ष्यांचं नुकसान होतं, असं सालिम अली आणि सोसायटीतले अनेकजण मानत होते. गावकऱ्यांना पर्याय न देता बंदी लागू झाली. नोव्हेंबर 1982 मध्ये झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी मारले गेले. पुढे सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासातून उलटं निघालं. म्हशी चरत होत्या म्हणून पाण्यातलं गवत आटोक्यात राहत होतं. चराई थांबली आणि गवतानं पाणी गिळलं, बदकांना जागा उरली नाही. हा निष्कर्ष पूर्ण हाती यायच्या आत सालिम अली गेले होते. त्यांची चूक होती, आणि त्यांच्याच संस्थेनं ती मोजून दाखवली.

आज त्याच उद्यानाच्या दारात रिक्षावाले उभे असतात. वन खात्यानं त्यांना पक्ष्यांचं प्रशिक्षण दिलंय. पाहुण्यांना बसवून ते सावकाश रिक्षा चालवतात, थांबतात, घुबड कुठल्या फांदीवर झोपलंय ते दाखवतात, नावं इंग्रजीत आणि हिंदीत सांगतात. त्यावर त्यांचं घर चालतं.

बाकीचं थोडक्यात. 1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण. गेटी पुरस्काराचे पैसे आले ते त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीत टाकले. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाणार होतं. ते वाचवणाऱ्यांत त्यांचाही आवाज होता आणि 1984 मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली, त्याच वर्षी आत्मचरित्र आलं, आणि त्याच्या नावात चिमणी आहे. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला, वय 90.

जालना जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. पण शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव आहे, थंडीत तिथं बदकं उतरतात. पैठणला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य आहे, तिथं रोहित येतात. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाजाजवळच्या तळ्याला तर सालिम अलींचंच नाव आहे. रविवारी सकाळी लवकर निघा, भडक कपडे नकोत, मुलांना चालताना बोलू देऊ नका. दुर्बीण एक असली तरी आळीपाळीनं पुरते. पक्ष्याचं नाव कळलं नाही तर तळ्यावर जाळं टाकणाऱ्या चाचांना विचारा, ते त्यांच्या बोलीतलं नाव सांगतील. ते वहीत लिहून घ्या आणि घरी येऊन पुस्तकात शोधा.