मेंढीचोरी, गावचा पोलीस आणि एडविन चॅडविक

शेतकरी बंधूंनो, सकाळी वाड्यावर गेलात, कळपात एक मेंढी कमी आणि बांधाला फक्त मुंडके आणि कातडे पडलेले, तर तुम्ही काय कराल? दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खेड्यांत असे वरचेवर घडे. तिथले मेंढपाळ लोकरीवर डांबराची खूण करत, कानाला खाच पाडत. म्हणून चोर जनावर शेतातच कापायचा आणि ओळख पटेल तेवढा भाग तिथेच टाकून जायचा. नुसते मटण कोणाच्या मेंढीचे, हे सिद्ध कसे करणार?

कायदा कडक होता. १७४१ पासून मेंढीचोरीला फाशी होती. पण गावचा कॉन्स्टेबल म्हणजे वर्षभरासाठी नेमलेला गावातलाच माणूस, बहुधा बिनपगारी. चोर शोधायचा, साक्षीदार न्यायचे, खटला चालवायचा, हे सगळे जनावराच्या मालकाने करायचे. हा खर्च एकट्याला झेपत नसे, म्हणून शेतकरी वर्गणी काढून मंडळे स्थापन करत. शिवाय एका मेंढीपायी माणूस फासावर जाईल, म्हणून काही जण तक्रारच करत नसत. १८३२ मध्ये ही फाशी रद्द झाली. चोर पकडणार कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो हाती घेतला एडविन चॅडविक यांनी. सार्वजनिक आरोग्यातले त्यांचे काम अनेकांना माहीत असेल. जन्म १८०० चा, मँचेस्टरजवळचा, शिक्षण वकिलीचे. गुन्हा घडण्याआधीच तो रोखणारे पोलीस हवेत, असा लेख त्यांनी १८२९ मध्ये लिहिला होता. १८३६ मध्ये ग्रामीण पोलिसांसाठी आयोग नेमला गेला, त्यात ते होते. त्यांनी ठिकठिकाणी प्रश्नावल्या पाठवल्या आणि तुरुंगातल्या चोरांकडूनही माहिती घेतली. आपल्या विस्तार कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

१८३९ च्या अहवालात पगारी, प्रशिक्षित पोलीस दलाची शिफारस होती. जमीनदार न्यायाधीशांना धास्ती वाटली की अधिकार जाईल आणि कर वाढेल. त्यामुळे त्या वर्षीचा कायदा ऐच्छिक झाला, हजार लोकांमागे फार तर एक पोलीस. विल्टशर, एसेक्स या काउंट्यांनी तो लवकर स्वीकारला, बऱ्याच काउंट्या थांबून राहिल्या. १८५६ मध्ये तो सक्तीचा झाला आणि दल चांगले असेल तर पगार व गणवेशाचा चौथा हिस्सा सरकार देऊ लागले.

एका बाबतीत मला चॅडविक पटत नाहीत. चोरी गरजेपोटी नाही, सोप्या कमाईच्या मोहाने होते, असे ते मानत. मोहाने चोरी करणारे होतेच. पण हिवाळ्यात काम नसलेल्या शेतमजुराच्या घरी चूल कशी पेटायची? गरिबांना मदत हवी असेल तर त्यांनी कामगृहात यावे, या १८३४ च्या कायद्यामागेही चॅडविकच होते. त्या हालांचा चोरीशी काही संबंध असेल, हे त्यांनी फारसे मनावर घेतले नाही.

१८८९ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १८९० मध्ये ते वारले. तोवर इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत पगारी पोलीस आले होते.