बिनडिग्रीचा इंजिनिअर

मेकॅनिक्समध्ये बॅक लागला, त्या सुट्टीत मी दारव्ह्याला घरी पुठ्ठ्याची 'शकुंतला' करायला बसलो. यवतमाळ–मूर्तिजापूरची आपली नॅरोगेज गाडी! मँचेस्टरला 1921 साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं. आता गाडीच बंद आहे. मॉडेलची मापं शोधताना फ्रँक हॉर्नबी भेटला.

हा 1863 साली लिव्हरपूलला जन्मलेला, मांस आयात करणाऱ्या पेढीतला हिशेबनीस. इंजिनिअरिंग शिकलेला नव्हता. पोरांसाठी खेळण्यातली क्रेन करताना त्याने पत्र्याच्या पट्ट्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडली. नट-बोल्ट काढले की त्याच पट्ट्यांचा पूल! मालकाकडून पाच पौंड उसने घेऊन 1901 मध्ये त्याने पेटंट मिळवलं. तेच पुढे मेकॅनो झालं. 1920 मध्ये त्याच्या चावीच्या आगगाड्या आल्या. रुळांतलं अंतर 32 मिमी. 1936 मध्ये तो गेला. जवळपास निम्म्या, म्हणजे 16.5 मिमी गेजची गाडी 1938 मध्ये निघाली. ती काही त्याने पाहिली नाही. आज शौकीन मंडळी त्या जुन्या गाड्या जिवापाड जपतात.

शकुंतलेचा गेज 762 मिमी. 87 ने भागलं की जेमतेम 9 मिमी. माझं इंजिन तीनदा रुळावरून घसरलं, बॅकही निघायचाय. पण चुकलं की बोल्ट सैल करून पुन्हा जोडायचं, हे हॉर्नबीने शिकवलं.

मित्रांनो, घरी माळ्यावर जुनी चावीची आगगाडी असेल, तर भंगारात देऊ नका. आधी मला सांगा!