चित्रकार रेम्ब्रांट व त्याची हरवलेली नाव

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं इझाबेला स्टुअर्ट गार्डनर नांवाच्या धनिक बाईंनीं १९०३ सालीं लोकांस खुलें केलेलें एक संग्रहालय आहे. त्याच्या एका दालनांत सोनेरी मुलाम्याची एक मोठी चौकट टांगलेली असून तींत चित्र मात्र नाहीं. चौकटींतून मागील भिंत तेवढी दिसते. नवख्या प्रेक्षकास हा प्रकार पाहून नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. ह्या चौकटींत एके काळीं जें चित्र होतें, तें काढणाऱ्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. मनुष्यापासून काय हिरावून घेतां येतें व काय घेतां येत नाहीं, ह्याचा विचार करावयास त्यांत पुष्कळ जागा आहे.

रेम्ब्रांट ह्याचा जन्म १५ जुलै १६०६ रोजीं हॉलंडांतील लायडन गांवीं झाला. बाप पवनचक्कीवर धान्य दळण्याचा धंदा करी. आई पाव भाजून विकणाऱ्याची मुलगी होती. मुलगा हुशार दिसल्यावरून आईबापांनीं त्यास लॅटिन शाळेंत घातलें, व १६२० सालीं लायडनच्या विद्यापीठांत त्याचें नांवहि दाखल झालें. परंतु त्याचें चित्त पुस्तकांपेक्षां रंगांकडे अधिक ओढ घेई. तेव्हां प्रथम लायडन येथें याकोब व्हान स्वानेनबर्ख याजपाशीं सुमारें तीन वर्षें, व नंतर आम्स्टरडॅम येथें पीटर लास्टमन याजपाशीं सुमारें सहा महिने त्यानें उमेदवारी केली. पुढें गांवीं परत येऊन त्यानें स्वतःची चित्रशाळा थाटली. आरशांत पाहून स्वतःचेंच चित्र काढण्याचा नाद त्यास ह्याच वयांत लागला, व तो मरेपर्यंत सुटला नाहीं. काळोखानें भरलेल्या जागेंत एकाच बाजूनें उजेड पाडावयाचा, आणि त्या उजेडांत मनुष्याच्या मुखावरील भाव उमटवावयाचा, ही त्याची हातोटी होती.

सुमारें १६३१ सालीं तो आम्स्टरडॅमला राहावयास गेला. पुढल्याच वर्षीं डॉक्टर टुल्प हे शरीरशास्त्राचा पाठ देत आहेत असें चित्र त्यानें काढिलें, व त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. १६३३ सालीं, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें गालील समुद्रावरील वादळाचें चित्र रंगविलें. समुद्राचा देखावा असें त्यानें रंगविलेलें हें एकच चित्र होय.

मार्काच्या शुभवर्तमानांतील ती कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. चित्रांत नावेचा पुढील भाग लाटेवर उंच चढला आहे. शीड फाटलें आहे. कांहीं शिष्य डोलकाठीशीं झटत आहेत, एकजण कांठावरून ओणवा होऊन ओकत आहे, आणि कांहींजण मागील बाजूस निजलेल्या प्रभूस भयभीत होऊन जागे करीत आहेत. नावेंतील माणसें मोजून पाहिलीं, तर तीं तेरा न भरतां चौदा भरतात! चौदावा मनुष्य एका हातानें दोर व दुसऱ्या हातानें डोकीवरील टोपी धरून सरळ आपणांकडे पाहत आहे. हा स्वतः रेम्ब्रांटच होय असें जाणते लोक मानतात. तरुण चित्रकारानें कांठावर उभें राहून वादळ पाहण्याऐवजीं स्वतःस नावेंतच बसवून घेतलें.

खरें वादळ पुढें यावयाचें होतें. १६३४ सालीं साक्सिया नांवाच्या कुलीन मुलीशीं त्याचें लग्न झालें. पैसा चोहोंकडून येऊं लागला. १६३९ सालीं त्यानें तेरा हजार गिल्डरांस एक भव्य घर घेतलें, तेंहि बहुतांशीं कर्जानें. चित्रें, पुतळे, शस्त्रें, शिंपले, छापचित्रें, जें जें दृष्टीस भरे तें तें तो विकत घेई. परंतु घरांत पाळणा हाले आणि थांबे; पहिलीं तीन मुलें तान्हेपणींच गेलीं. चौथा टायटस हा १६४१ सालीं जन्मला व जगला. पण १६४२ सालीं साक्सिया वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं वारली. त्याच वर्षीं त्याचें सर्वांत प्रसिद्ध चित्र, रात्रीचा पहारा, पुरें झालें. हें चित्र गिऱ्हाइकांस न रुचल्यामुळें त्याचें दैव फिरलें, अशी एक आख्यायिका सांगतात. तिला आधार नाहीं. खरीं कारणें साधींच होतीं. खर्च आवरला नाहीं, घराचें देणें फिटलें नाहीं, कामें कमी झालीं, आणि इंग्लंडशीं झालेल्या युद्धामुळें व्यापारहि मंदावला.

१६५६ सालीं त्यानें नादारी पत्करली. सरकारी कारकुनांनीं घरांत येऊन वस्तूंची यादी केली, तींत ३६३ बाबी भरल्या. वर्षानुवर्षें हौसेनें जमविलेलें सर्व लिलांवांत गेलें. १६५८ सालीं घरहि सुमारें अकरा हजार गिल्डरांस विकलें गेलें. पुढें १६६२ सालीं तर चर्चमधील साक्सियाच्या थडग्याची जागाहि त्यानें विकली. एवढ्या लौकिकाच्या पुरुषावर ही पाळी यावी, हें वाचून कोणाचें हृदय कळवळणार नाहीं?

पण हात थांबला नाहीं. त्याची जन्माची सोबतीण हेंड्रिक्ये व मुलगा टायटस ह्यांनीं मिळून चित्रांचा व्यापार आपल्या नांवें चालविला, व रेम्ब्रांट त्यांच्या पदरीं नोकर म्हणून काम करूं लागला. धनकोंच्या हातून त्याची कमाई वांचविण्याचा हा उपाय होता. नादारीच्या सुमारासच त्यानें आमच्या हिंदुस्थानांतील मोंगल चित्रांवरून वीसांहून अधिक रेखाचित्रें काढिलीं. बादशहा जहांगीर व शहाजहान त्यांत आहेत. पन्नाशीस पोंचलेला, कर्जांत बुडालेला हा उस्ताद परक्या देशांतील चित्रकारांपुढें पुनः विद्यार्थी होऊन बसला, हें आम्हांस विशेष वाटतें.

१६६३ सालीं हेंड्रिक्ये गेली. १६६८ सालीं लग्नानंतर थोड्याच महिन्यांत टायटसहि गेला. ह्या अखेरच्या काळांतच उधळ्या पुत्राच्या परत येण्याचें त्याचें चित्र झालें. तें आज रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें आहे. त्यांत म्हाताऱ्या बापाचे दोन्ही हात मुलाच्या पाठीवर टेकले आहेत. ४ ऑक्टोबर १६६९ रोजीं रेम्ब्रांटनें देह ठेविला, आणि वेस्टरकेर्क ह्या चर्चमध्यें भाड्याच्या, नांव नसलेल्या थडग्यांत त्यास पुरलें.

आतां त्या नावेची हकीकत. १८९८ सालीं तें चित्र गार्डनर बाईंनीं विकत घेतलें. १८ मार्च १९९० च्या पहांटेपूर्वीं, दीडच्या सुमारास, पोलिसांच्या वेषांत दोन इसम संग्रहालयाच्या दाराशीं आले. पहारेकऱ्यानें विश्वास ठेवून दार उघडलें. चोरांनीं दोघां पहारेकऱ्यांस बांधून तळघरांत ठेविलें, व ८१ मिनिटांत तेरा वस्तु लांबविल्या. वादळाच्या चित्राचा कॅनव्हास त्यांनीं चौकटीपासून कापून काढला. व्हर्मीर ह्या दुसऱ्या थोर डच चित्रकाराचेंहि एक चित्र त्यांत गेलें. रेम्ब्रांटनें १६२९ सालीं लाकडी फळीवर काढलेलें स्वतःचें एक चित्र त्यांनीं भिंतीवरून उतरविलें होतें, पण तें तेथेंच टाकून ते गेले. २०१७ सालीं बक्षिसाची रक्कम एक कोटि डॉलरांपर्यंत चढविण्यांत आली, तरी चित्रें सांपडलेलीं नाहींत. १९२४ सालीं निवर्तलेल्या गार्डनर बाईंनीं आपली मांडणी बदलूं नये असें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें आहे. म्हणून चौकट रिकामीच आपल्या जागीं आहे.

रेम्ब्रांटच्या वस्तूंचा लिलांव झाला तेव्हां त्याचें घर रिकामें झालें. पण त्या वस्तु दुसऱ्यांच्या घरीं गेल्या व तेथें त्यांस कोणीतरी पाहिलें. चोरीची गोष्ट निराळी आहे. असें चित्र चोरास उघडपणें विकतां येत नाहीं, कारण सारे व्यापारी तें ओळखतात. भिंतीवर लावतां येत नाहीं, कारण येणारा जाणारा तें पाहील. चोरास धड लाभ नाहीं, आणि जगास मात्र तें दिसेनासें झालें. शाळेच्या ग्रंथालयांतील पुस्तकाचें चित्र असलेलें पान जो विद्यार्थी गुपचूप कापून नेतो, त्यानेंहि हेंच केलें असें आम्ही म्हणूं. तें पान त्याच्या पेटींत चुरगळतें, आणि मागून येणाऱ्या शेंकडों मुलांस त्या जागीं फाटका कांठ दिसतो.

रेम्ब्रांटचें घर, द्रव्य व माणसें गेलीं, तरी त्याची दृष्टि व हात लिलांवांत निघाले नाहींत. त्या हातांचें काम सर्वांच्या डोळ्यांसाठीं आहे. ती नाव, तिच्यांतील चौदा माणसांसह, जेथें कोठें असेल तेथें ओल व कीड ह्यांपासून सुरक्षित असो, आणि एके दिवशीं आपल्या चौकटींत परत येवो, अशी प्रार्थना करून आम्ही वाचकांची रजा घेतों.