जॉर्ज फ्रिडरिक हँडेल

जॉर्ज फ्रिडरिक हँडेल (२३ फेब्रुवारी, १६८५, हाले, जर्मनी – १४ एप्रिल, १७५९, लंडन) हे बरोक काळातील जर्मन-ब्रिटिश संगीतकार होते. आज ते मुख्यतः 'मेसाया' या रचनेमुळे ओळखले जातात. हयातीत मात्र राजघराण्याच्या समारंभांचे व विजयोत्सवांचे संगीतकार म्हणूनही त्यांचा लौकिक होता.

मुलाने कायद्याचा अभ्यास करावा अशी शस्त्रवैद्य असलेल्या वडिलांची इच्छा होती. हँडेल मात्र हॅम्बुर्ग व इटली येथे ऑपेरा-संगीतात घडले आणि १७१० मध्ये हानोवरच्या इलेक्टरचे दरबारी संगीतप्रमुख झाले. त्यांचे मन लंडनमध्येच रमले. १७१३ मध्ये युट्रेक्टच्या तहानिमित्त त्यांनी 'टे डेउम' हे प्राचीन ख्रिस्ती स्तुतिस्तोत्र संगीतबद्ध केले. तो तह हानोवरला अप्रिय होता आणि त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी तोच इलेक्टर पहिला जॉर्ज म्हणून ब्रिटनच्या गादीवर आला, तरी हँडेल यांचा राजाश्रय टिकला. १७२७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले.

२७ जून, १७४३ रोजी माइन नदीकाठच्या डेटिंगेन गावाजवळ दुसऱ्या जॉर्जच्या सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला. रणांगणावर स्वतः सैन्याचे नेतृत्व करणारा तो शेवटचा ब्रिटिश राजा. वास्तविक त्याचे सैन्य कोंडीत सापडले होते; एका फ्रेंच सरदाराने मोक्याची जागा सोडून पुढे धाव घेतल्याने ते बचावले. शिवाय राजा हानोवरला झुकते माप देतो, अशी ब्रिटनमध्ये कुरबुर होती. हँडेल यांच्या 'डेटिंगेन टे डेउम'मध्ये यातले काहीच ऐकू येत नाही.

आजारातून नुकतेच सावरलेल्या हँडेल यांनी ही रचना जुलैमध्येच हाती घेतली. स्तोत्राचा इंग्रजी पाठ, ट्रम्पेट व नगाऱ्यांचा घोष आणि भरदार समूहगान यांमुळे ती प्रार्थनेइतकीच लष्करी मिरवणुकीसारखी वाटते. तिच्यातील काही भाग इटालियन संगीतकार फ्रांचेस्को उरिओ यांच्या टे डेउमवर आधारलेले आहेत; अशी उसनवारी त्या काळी रूढ होती, हँडेल यांनी ती जरा सढळ हाताने केली. २७ नोव्हेंबरला सेंट जेम्स राजवाड्यातील चॅपलमध्ये ती राजासमोर सादर झाली.

१७५१ पासून त्यांची दृष्टी क्षीण होत गेली व पुढे अंधत्व आले. त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले. १७८४ मध्ये त्याच ॲबीत भरलेल्या त्यांच्या स्मृतिमहोत्सवात 'डेटिंगेन टे डेउम' गायले गेले.