कै. रमाबाई रानडे

मंडळाच्या वर्धापनदिनी ज्या थोर स्त्रीचे स्मरण अगत्याने करावे, अशा कै. रमाबाई रानडे होत. शिक्षण कशासाठी घ्यावयाचे, हे त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे सहज उमगते.

देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही कन्या. माहेरी मुलींना शिकविण्याची चाल नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. रानडे एकतीस वर्षांचे, बिजवर. सुधारक म्हणविणाऱ्याने विधवेशी विवाह करावयाचा सोडून वडिलांच्या आग्रहाखातर कुमारिका केली, म्हणून लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावला. त्यांनी मात्र लग्न होताच पत्नीच्या हाती पाटी दिली. आधी मराठी, मग इंग्रजी.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचेना. टोमणे झाले, अबोला झाला. रमाबाई दिवसा घरकाम करीत आणि रात्री धडे घेत. त्यांनी कोणाला उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. स्वतःचे मूलबाळ नव्हते. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांची विचारपूस करू लागल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात आपल्या राहत्या वाड्यात सेवासदन सुरू केले.

येथेच त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. लहानपणी ज्यांनी त्यांना छळले, त्या तरी कोण होत्या? अक्षर न भेटलेल्या, चुलीपाशी जन्म गेलेल्या बायकाच ना! तशाच प्रौढ बायकांसाठी रमाबाईंनी वर्ग काढले. लिहिणे-वाचणे, शिवण, शिक्षिकेचे काम, असे शिक्षण सुरू झाले. रुग्णसेवा हे हलके काम समजले जाई. तरीही समजूत घालून त्यांनी विधवा भगिनींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धाडले. जिला घरात कोपरा मिळत नव्हता, ती चार पैसे मिळवून मानाने राहू लागली.

१९१० साली त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या मुलीला अक्षरओळख नव्हती, तिच्या हातून मराठीला हा ठेवा लाभला. १९२४ साली त्यांनी देह ठेवला.

दिव्याने दिवा लावावा, तसे त्यांनी विद्येचे केले. पतीने एकीला शिकविले. त्या एकीने शेकडोंना उभे केले. आपण सर्वजणी शिकलो आहोत. शेजारची एखादी अजून अंगठा उठवीत असेल, तर दुपारचा एक तास तिच्यासाठी काढावा. रमाबाईंना याहून योग्य आदरांजली ती कोणती?