बुडत्यांचे कैवारी सर विल्यम हिलरी

ज्युबिलीच्या पुस्तकांत साधुसंतांचीं चरित्रें असावींत, ही आपली जुनी रीत आहे व ती योग्यच आहे. मग ज्यांना ख्रिस्तसभेनें संत म्हटलें नाहीं, जे आपल्या सभेचे नव्हते, आणि ज्यांच्या खाजगी आयुष्यांत उघड दोष होते, अशा एका परदेशी गृहस्थाची हकीगत आम्ही येथें कां देत आहों, असें वाचक सहज विचारतील. त्याचें उत्तर हकीगतीच्या शेवटीं आपोआप मिळेल. आतां एवढेंच सांगतों, कीं ज्यांच्या घरचें कोणी ना कोणी दर्यावर जातें, त्या कुटुंबांनीं तरी हें नांव ओळखीचें करून घ्यावें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं समुद्रप्रवास म्हणजे जिवावरचा खेळ होता. वाफेचीं जहाजें नुकतीं कोठें दिसूं लागलीं होतीं. बाकी सर्व भिस्त शिडांवर असे. वादळी वारा किनाऱ्याच्या दिशेनें सुटला आणि नांगर धरीनासा झाला, म्हणजे लांकडी जहाज खडकावर आपटून फुटण्यास फार वेळ लागत नसे. ५ फेब्रुवारी १८०५ रोजीं ईस्ट इंडिया कंपनीचें 'अर्ल ऑफ अ‍ॅबरगॅव्हेनी' हें जहाज हिंदुस्थान व चीन यांकडे निघालें असतां इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालें, आणि त्यावरील सुमारें ४०० माणसांपैकीं निम्म्याहून अधिक माणसें गेलीं. १८११ सालीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, 'सेंट जॉर्ज' व 'डिफेन्स' हीं दोन ब्रिटिश लढाऊ जहाजें डेन्मार्कच्या जटलंड किनाऱ्यावर लागलीं; हजाराहून अधिक खलाशी मेले, व जिवंत राहिले ते फारच थोडे. १८१६ सालीं 'मेडूसा' हें फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशीं वाळूंत रुतलें. होड्यांत जागा न मिळालेल्या सुमारें १५० माणसांना एका तराफ्यावर सोडून देण्यांत आलें. तेरा दिवसांनीं तो तराफा सांपडला तेव्हां त्यावर १५ माणसें उरलीं होतीं.

सर्वांत वाईट गोष्ट ही, कीं पुष्कळ जहाजें किनाऱ्यावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत फुटत असत. उपाय अगदींच नव्हते असें नाहीं. इंग्लंडांत टाइन नदीच्या मुखापाशीं १७९० सालींच सहसा न बुडणारी एक होडी, म्हणजे लाइफबोट, तयार झाली होती. कॅप्टन मॅन्बी यांनीं १८०८ सालीं उखळी तोफेनें किनाऱ्यावरून जहाजावर दोर फेंकून माणसें उतरविलीं होतीं. परंतु होडी कोणीं ठेवावी, तिची डागडुजी कोणीं करावी, वल्हीं कोणीं धरावींत, आणि वल्हीं धरणारा बुडाला तर त्याच्या मुलांबाळांच्या तोंडांत घांस कोणीं घालावा, या प्रश्नांना देशभर लागू पडेल असें उत्तर नव्हतें. हें उत्तर मिळविण्याच्या कामीं विल्यम हिलरी यांचा उपयोग व्हावा, अशी ईश्वरी योजना होती असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म १७७१ सालीं यॉर्कशायर परगण्यांत, शस्त्र न धरणाऱ्या क्वेकर पंथाच्या एका कुटुंबांत झाला. तरुणपणीं तिसऱ्या जॉर्ज राजाचा मुलगा ऑगस्टस याच्या पदरीं ते इटलींत राहिले, आणि तेथून सिसिली व माल्टा येथें जाऊन आले. माल्टा बेटावर त्या वेळीं सेंट जॉनच्या सरदारांची सत्ता होती. रोग्यांची व वाटसरूंची सेवा हें त्या सरदारांच्या संघाचें मूळ व्रत. त्याच बेटाच्या किनाऱ्यावर संत पौलाचें जहाज फुटलें होतें, व त्यावरील २७६ माणसांपैकीं एकहि दगावलें नाहीं, हें 'प्रेषितांचीं कृत्यें' वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच. माल्टाची ओढ हिलरी यांना जन्मभर राहिली.

१८०० सालीं त्यांचा एका धनाढ्य घराण्यांतील कन्येशीं विवाह झाला. नेपोलियनच्या स्वारीची धास्ती वाढली, तेव्हां या क्वेकराच्या मुलानें सुमारें २०,००० पौंड खर्चून आपल्या भागांत १,४०० शिपायांचें दळ उभें केलें. त्याबद्दल १८०५ सालीं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. पण द्रव्य गेलें व कर्ज झालें. १८०८ सालीं, सावकारांना चुकवून, ते इंग्लंड व आयर्लंड यांमधील मॅन बेटावर जाऊन राहिले. पत्नी व दोन मुलें मागेंच राहिलीं, तो विवाह मोडला, आणि १८१३ सालीं त्यांनीं त्या बेटावरील एम्मा टोबिन या स्त्रीशीं लग्न केलें. विवाहाच्या संस्काराविषयीं आपली शिकवण काय आहे, हें आमच्या वाचकांना सांगावयास नको. या गोष्टीचें समर्थन आम्ही करीत नाहीं, आणि ती झांकूनहि ठेवीत नाहीं. कर्जबाजारी, घर सोडून आलेला, चाळिशी गांठलेला एक गृहस्थ, एवढीच त्या वेळीं त्यांची ओळख होती.

त्यांचें घर डग्लस बंदराच्या वर, उपसागर समोर दिसेल असें होतें. त्या उपसागरांत कॉनिस्टर नांवाचा खडक आहे. भरतीला तो पाण्याखालीं जातो, व बंदर गांठूं पाहणाऱ्या जहाजांचा घात करतो. ६ ऑक्टोबर १८२२ रोजीं मोठें तुफान झालें, आणि 'व्हिजिलंट' हें सरकारी गलबत त्या खडकावर लागलें. हिलरी धक्क्यावर धांवले, बक्षिसाचें आश्वासन देऊन माणसें गोळा केलीं, व स्वतः होडींत चढले. गलबत सुटलें व माणसें वांचलीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत 'रेसहॉर्स' हें लढाऊ जहाज त्या बेटाच्या दक्षिणेस फुटलें. या वेळीं मदतीस गेलेल्या स्थानिक माणसांपैकींहि कांहीं बुडालीं.

येथें हिलरी यांच्या आयुष्यास वळण लागलें. धाडसी पुरुष ठिकठिकाणीं होते व आहेत. परंतु हिलरी यांनीं आपल्या धाडसावर समाधान मानलें नाहीं. आपण घरीं नसतों तर त्या गलबताचें काय झालें असतें, आणि जे मदतीस जाऊन बुडाले त्यांच्या बायकामुलांचें आतां काय होणार, हे दोन प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारले. फेब्रुवारी १८२३ मध्यें त्यांनीं राष्ट्राला उद्देशून एक विनंतिपत्रक छापून काढलें. किनाऱ्याकिनाऱ्यावर होड्या व दोर ठेवावे, शिकलेले वल्हेकरी तयार असावे, जीव वांचविणारांस बक्षीस मिळावें, जे या कामांत मरतील त्यांच्या विधवांची व मुलांची तरतूद व्हावी, आणि बुडणारा कोणत्या देशाचा आहे, युद्ध चालू आहे कीं तह आहे, हें न पाहतां त्याला काढावें, असें त्याचें सार होतें. नेपोलियनशीं चाललेलें दीर्घ युद्ध संपून त्या वेळीं आठच वर्षें झालीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे शेवटच्या कलमाचें मोल कळतें.

आरमार खात्यानें त्यांना दाद दिली नाहीं. मग ते लंडनच्या व्यापाऱ्यांकडे व पार्लमेंटच्या सभासदांकडे वळले. ४ मार्च १८२४ रोजीं लंडनमधील एका खाणावळीच्या दिवाणखान्यांत, कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या अध्यक्षतेखालीं, ही संस्था स्थापन झाली. राजा चौथा जॉर्ज तिचा आश्रयदाता झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जन्मभर झगडलेले विल्बरफोर्स या कार्यास अनुकूल होते, आणि गुलामांच्या मालकांची बाजू मांडणारे जॉर्ज हिबर्ट हेहि होते. एरवीं ज्यांचें एकमेकांशीं पटत नसे, अशांना बुडत्या माणसानें एकत्र आणलें.

हिलरी मात्र लंडनमध्यें खुर्चीवर बसून राहिले नाहींत. पोहतां येत नसतांहि ते पन्नाशीनंतर पुन्हां पुन्हां डग्लसच्या होडींत चढले. १८२५ सालीं 'सिटी ऑफ ग्लासगो' या आगबोटीवरून ६२ माणसें काढण्यांत त्यांचा हात होता. १८२७ सालीं एका स्वीडिश जहाजाचे खलाशी त्यांनीं वांचविले. सर्वांत कठीण प्रसंग २० नोव्हेंबर १८३० चा. 'सेंट जॉर्ज' ही टपालाची आगबोट कॉनिस्टरवर आपटली. ५९ वर्षांचे हिलरी, आपले तीन सोबती व चौदा वल्हेकरी घेऊन निघाले. फुटकें जहाज आणि खडक यांच्या चिंचोळ्या फटींत त्यांची होडी अडकली. एका लाटेनें हिलरी बाहेर फेंकले गेले. छातीच्या बरगड्या मोडल्या. सोबत्यांनीं त्यांना ओढून घेतलें. तशा स्थितींत दोन तासांवर झगडून त्यांनीं आगबोटीवरील बावीसहि माणसें किनाऱ्याला आणलीं, आणि वल्हेकऱ्यांपैकींहि कोणी गेला नाहीं.

बरे झाल्यावर त्यांनीं तो खडकच कामास लावला. १८३२ सालीं वर्गणी जमवून व स्वतःचे पैसे घालून कॉनिस्टरवर एक दगडी बुरूज बांधविला. तेथें भाकरी व गोडें पाणी ठेवण्याची सोय केली, म्हणजे जो खडकावर येऊन पडेल त्याला मदत येईपर्यंत आसरा मिळावा. तो बुरूज आजहि उभा आहे.

त्यांचें उतारवय सुखाचें गेलें नाहीं. १८४३ सालीं बँक बुडाली, तींत त्यांचें उरलेंसुरलें गेलें, आणि समुद्रावर नजर ठेवणारें तें घरहि विकावें लागलें. १८४५ सालीं एम्मा वारल्या. ५ जानेवारी १८४७ रोजीं हिलरी यांनीं देह ठेवला. डग्लसच्या सेंट जॉर्ज मंदिराच्या आवारांत त्यांना मूठमाती मिळाली. त्या सुमारास त्यांची संस्थाहि खंगली होती. आरंभीचा उत्साह ओसरला, वर्गण्या थकल्या, आणि ठिकठिकाणच्या होड्या कुजत पडल्या. आपलें काम फुकट गेलें, असें त्यांस शेवटीं वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु तें फुकट गेलें नव्हतें. १८५१ नंतर नव्या माणसांनीं तें हातीं घेतलें, आणि १८५४ सालीं संस्थेस तिचें आजचें 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' हें नांव मिळालें. २०२४ सालीं तिला दोनशें वर्षें झालीं. या दोन शतकांत तिच्या हातून १,४०,००० हून अधिक जीव वांचले. अजून ती मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते, व तिच्या होड्यांवर जाणारे बहुतेक पुरुष व स्त्रिया आपापला धंदा सांभाळून विनावेतन जाणारे आहेत.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर. ज्युबिलीच्या दिवशीं आपण संस्थापकांचीं नांवें दगडावर कोरतों, व तें उचितच आहे. परंतु मंदिर उभें राहतें तें पुढच्या पिढ्यांनीं वर्गणी भरली, छप्पर शाकारलें व आजाऱ्याच्या घरीं रात्रीं कोणी गेलें म्हणून. हिलरी यांच्या मरणानंतर कोणी वल्हें उचललें नसतें, तर त्यांचें पत्रक आज कोणीं वाचलें असतें? आणि दुसरें असें, कीं स्वतःच्या संसारांत चुकलेल्या माणसाच्या हातूनहि देव शेंकडोंचे संसार राखून घेतो. आपल्यांत कोणी आपल्या चुकांमुळें मागें राहत असेल, मंदिराच्या कामांत पुढें यावयास लाजत असेल, त्याच्यासाठीं ही हकीगत आम्हीं मुद्दाम लिहिली आहे. होडींत अजून जागा आहे.

दर्यानें नेलेल्या आपल्या सर्व बांधवांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, व आज रात्रीं जे पाण्यावर आहेत त्यांना सुखरूप घरीं आणो.