अंधाराच्या शोधातले नायगमवाला

देवनारच्या आमच्या गच्चीवरून रात्री मोजून दहा-बारा चांदण्या दिसतात. म्हणून अवसेच्या आसपासच्या शनिवारी आम्ही गोवंडीहून कुर्ला आणि तिथून कर्जत लोकलने वांगणी गाठतो. आता तिथल्या क्षितिजावरही उजेड चढू लागला आहे. अशा वेळी मला हटकून आठवतात ते कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी मदतीतून त्यांनी १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभारली. तिथली वीस इंची दुर्बीण कित्येक दशके भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली मात्र पुण्यावरून जाणार नव्हती. मग नायगमवाला उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळही तिथेच पडला होता. एवढा सगळा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी! आकाश निरभ्र राहिले आणि श्रमांचे चीज झाले.

पुढे १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. १९३८ मध्ये नायगमवाला वारले. आयुष्यभराचे काम असे मोडीत निघाले, असे कुणालाही वाटावे.

पण १९८० च्या दशकात तीच दुर्बीण लेहला नेण्यात आली, तिथले आकाश पारखण्यासाठी! माणूस गेला, वेधशाळा गेली, तरी त्याची दुर्बीण चांगल्या आकाशाच्या शोधात फिरतच राहिली. वांगणीच्या माळावर सतरंजी पसरताना मला तेवढाच दिलासा वाटतो.